लोहमार्गालगतची गवतकापणी (मुंबई परिसर)

रुळांच्या दोन्ही बाजूंचे गवत व झुडपे, वणव्याला वाव मिळू नये म्हणून, कापून उचलून नेण्याचे काम. मुंबईत पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यावर रेल्वेच्या हद्दीत टाकळा, घाणेरी, रानमोडी आणि पुरुषभर उंचीचे गवत माजते. दिवाळीनंतर ते पिवळे पडते आणि फाल्गुनापर्यंत एका ठिणगीवर पेटेल इतके सुकते.

ही ठिणगी पूर्वी बहुधा इंजिनाची असे. वाफेच्या इंजिनांमुळे शेते जळत, म्हणून ब्रिटनमध्ये १९०५ साली त्यासाठी स्वतंत्र कायदाच झाला. मुंबईत हे कारण लवकर मागे पडले: १९२५ मध्ये व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी धावली आणि १९३० पर्यंत पुणे व इगतपुरीपर्यंत तारा पोचल्या. आता आग लागते ती फेकलेल्या विडीने, रुळालगत पेटवलेल्या कचऱ्याने, रूळ कापताना उडणाऱ्या ठिणग्यांनी किंवा तापलेल्या ब्रेकने. बोर व थळ घाटांत उतार ३७ फुटांस एक फूट आहे. तिथे ब्रेक बराच वेळ दाबलेले राहतात आणि रान अगदी रुळाला भिडलेले असते.

गवत काढण्याचे काम अभियांत्रिकी विभागाच्या गँगकडे किंवा ठेकेदाराकडे असते. हत्यारे म्हणजे कोयता, विळा आणि हल्ली पेट्रोलवर चालणारे कटर. त्यातूनच सिग्नल दिसू लागतो, गटारही मोकळे होते. फांद्यांचे काम अधिक जोखमीचे. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. तिच्या दोन मीटरच्या आत जायचे तर वीज बंद करावी लागते, म्हणून रात्रीचा किंवा रविवारचा ब्लॉक घेतात. शिवाय शहरी हद्दीतल्या झाडांना १९७५ चा महाराष्ट्राचा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे.

वनखाते उन्हाळ्याआधी गवताचा पट्टा मुद्दाम जाळून जाळरेषा काढते. लोकलच्या मार्गावर तसे करता येत नाही. सिग्नलच्या केबल कडेनेच गेलेल्या असतात आणि धुराने मोटरमनला पुढचे दिसेनासे होते. म्हणून सगळी भिस्त कापण्यावर. त्यातही खरी मेख उचलण्यात आहे. कापलेले गवत कडेलाच टाकले, तर आठवडाभरात त्याचे सरपण होते. उभ्या गवतापेक्षा ते वाईट.

रेल्वेच्या जागेतले पालक-माठाचे वाफे या कामी नकळत उपयोगी पडतात, कारण भिजलेली जमीन पेटत नाही. त्या भाजीला कुठले पाणी घालतात, हा वाद निराळा.