शालू आणि सावकार : बालगंधर्वांच्या कीर्तीमागचा हिशेब

जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला बालगंधर्वांचे नाव आहे आणि त्यांच्या नावाचा संगीत महोत्सवही या शहरात भरतो. खरे पाहता बालगंधर्व, म्हणजे संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका गाजवणारे नट नारायण श्रीपाद राजहंस, खानदेशचे नव्हेत. घराणे सांगलीकडील नागठाण्याचे. परंतु बालपणीचा काही काळ ते जळगावला आबा म्हाळस या आप्तांकडे होते आणि मेहबूबखाँ यांच्याकडे गाण्याचे पहिले धडे त्यांनी तेथेच गिरवले. ‘बालगंधर्व’ हे नाव लोकमान्य टिळकांनी दिल्याचे सर्वश्रुत आहे. तो गळा मुळात घोटवला गेला तो जळगावात, याची आठवण मात्र खानदेशाबाहेर फारशी निघत नाही.

स्त्रीभूमिकांसाठी गाजलेले गायकनट भाऊराव कोल्हटकर यांच्या निधनाने (१९०१) किर्लोस्कर नाटक मंडळीत पोकळी निर्माण झाली होती. १९०५ मध्ये मिरजेला शकुंतलेच्या भूमिकेत नारायणराव उभे राहिले आणि ती भरून निघाली. १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची मुलगी दगावली, तरीही रसिकांचा विरस नको म्हणून त्यांनी भामिनीची भूमिका केली. ही कथा कलानिष्ठेचा दाखला म्हणून आजवर सांगितली जाते. त्या रात्री घरी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे काय झाले असेल, हे सांगणारे विचारात घेत नाहीत.

१९१३ मध्ये गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी निघाली. पुढे दोन्ही भागीदार बाहेर पडले आणि सारा भार एकट्या नारायणरावांवर आला. ‘स्वयंवर’मधील रुक्मिणीचा शालू अस्सल जरीचा हवा, दागिना खोटा दिसता कामा नये, नाट्यगृहात अत्तराचा दरवळ हवा, साथीला थिरकवाँसारखा तबलजी आणि कादरबक्षांची सारंगी हवी. त्यांचे नेसणे आणि केशरचना घरंदाज स्त्रिया उचलत, ती याच हौसेमुळे. आणि मंडळी कर्जात बुडाली तीही याच हौसेमुळे. त्यांना व्यवहार कळत नव्हता एवढे म्हणून भागत नाही. काटकसर केली असती तर सावकार टळले असते, पण मग ती रुक्मिणीही दिसली नसती. ‘एकच प्याला’तील सिंधूसाठी मात्र हेच नट फाटके लुगडे नेसून उभे राहिले आणि शालूला सरावलेला प्रेक्षक ढसढसा रडला.

८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी त्या काळचे दुसरे आघाडीचे गायकनट केशवराव भोसले यांच्यासह ‘संयुक्त मानापमान’ झाले, तो या वैभवाचा कळस. पुढे बोलपट आले. प्रभातच्या ‘धर्मात्मा’त (१९३५) ते एकनाथांच्या भूमिकेत, म्हणजे पुरुषवेषात दिसले; परंतु पडद्यावर त्यांचा जीव रमला नाही.

त्यानंतर गायिका गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या आणि स्त्रीभूमिका करू लागल्या. लक्ष्मीबाईंच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी नारायणरावांनी गोहरबाईंशी विवाह केला, तेव्हा ज्या समाजाने त्यांना घराघरांत नेले होते त्यानेच नाके मुरडली. मंडळीच्या पडझडीचे खापरही गोहरबाईंवर फुटले. कर्जाचा डोंगर त्यांच्या येण्याच्या कितीतरी आधीचा होता, हे पाहता तो आरोप अन्यायाचा ठरतो. पाय अधू झालेल्या नारायणरावांची शुश्रूषा गोहरबाईंनीच केली.

१९६४ मध्ये नारायणरावांना पद्मभूषण मिळाले. त्याच वर्षी गोहरबाई गेल्या. पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ मध्ये नारायणरावांच्याच हस्ते बसली होती, परंतु १५ जुलै १९६७ रोजी ते निवर्तले आणि २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, त्याचे दार उघडले.