फ्लोरिडात अ‍ॅलिगेटरच्या शिकारीचा परवाना: पात्रता, अर्ज, कागदपत्रे आणि त्यापुढची खरी तयारी

ऑर्लँडो, टॅम्पा, जॅक्सनव्हिल या भागांत राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी ज्यांना शिकारीची ओढ आहे, किंवा ज्यांना तिथल्या मित्राने ‘यंदा आमच्या बोटीवर चल’ असे आमंत्रण दिले आहे, त्यांच्यासाठी ही माहिती आहे. अर्ज भरणे सोपे आहे. पण अर्जाआधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी लागते: साडेतीन मीटरचे, चिलखत घातलेले, सहजासहजी न मरणारे जनावर अंधारात दोराला लागल्यावर त्याचा शेवट झटपट आणि नीट करण्याची तयारी आपल्याकडे आहे का? परवान्याबरोबरचे जवळजवळ सगळे नियम याच प्रश्नाभोवती फिरतात. म्हणून नियम आणि जनावर अशी दोन वेगळी प्रकरणे न करता दोन्ही एकत्रच सांगतो.

ही शिकार कायदेशीर कशी?

बेसुमार कातडी-व्यापारामुळे अमेरिकेने 1967 साली अ‍ॅलिगेटरला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातले. संरक्षण मिळताच संख्या सावरली आणि 1987 मध्ये तो त्या यादीतून बाहेर आला. पुढच्याच वर्षी, 1988 मध्ये, फ्लोरिडाने राज्यव्यापी नियंत्रित शिकारीचा कार्यक्रम सुरू केला. आज राज्यात सुमारे 13 लाख अ‍ॅलिगेटर आहेत असा सरकारी अंदाज आहे. सगळा कारभार राज्याच्या मत्स्य व वन्यजीव आयोगाकडे, म्हणजे एफडब्ल्यूसीकडे आहे. कुठल्या तलावातून किती जनावरे काढता येतील हे आयोग आधी ठरवतो आणि त्या हिशेबानेच परवाने काढतो. दरवर्षी सात हजारांहून अधिक परवाने निघतात, तरी मागणी त्याहून मोठी असते. म्हणून म्हाडाच्या घरांसारखी इथेही सोडत असते.

पात्रता

त्या वर्षीच्या 15 ऑगस्टपर्यंत अर्जदाराला 18 वर्षे पूर्ण झालेली असावीत. मगरवर्गीय प्राण्यांच्या बेकायदा शिकारीबद्दल अलीकडच्या वर्षांत शिक्षा झालेल्याला परवाना मिळत नाही. फ्लोरिडाचे रहिवासी असण्याची अट नाही. जॉर्जियात किंवा न्यू जर्सीत राहणाराही अर्ज करू शकतो, मात्र शुल्कात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. रहिवाशाला एकूण 272 डॉलर, तर बाहेरच्याला 1,022 डॉलर. अपंगत्वाचा फ्लोरिडा परवाना असलेल्या रहिवाशाला 22 डॉलर पुरतात. पैसे भरण्यापूर्वी त्या वर्षीचा आकडा आयोगाच्या संकेतस्थळावर एकदा पाहून घ्यावा.

या रकमेत अ‍ॅलिगेटर पकडण्याचा परवाना, नेमून दिलेल्या क्षेत्राचे परमिट आणि दोन टॅग येतात. दोन टॅग म्हणजे दोन जनावरे, त्याहून एकही जास्त नाही. या शिकारीसाठी वेगळा सर्वसाधारण शिकार परवाना लागत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते.

कागदपत्रे आणि अर्ज

कागदपत्रांची यादी छोटी आहे. रहिवासी दराने अर्ज करायचा तर फ्लोरिडाचा ड्रायव्हिंग लायसन्स किंवा राज्याचे ओळखपत्र, त्यावर फ्लोरिडातलाच पत्ता. नुकतेच दुसऱ्या राज्यातून आलेल्यांनी आधी लायसन्स बदलून घ्यावा, कारण जुन्या राज्याच्या लायसन्सवर अर्ज केला तर बाहेरच्याचे शुल्क लागू शकते. सोशल सिक्युरिटी क्रमांक विचारला जातो. टपालाचा पत्ता अचूक लिहावा, कारण परमिट आणि टॅग टपालाने घरी येतात.

अर्ज ‘गो आउटडोअर्स फ्लोरिडा’ या संकेतस्थळावर करता येतो. काउंटीच्या टॅक्स कलेक्टर कार्यालयात किंवा परवाने विकणाऱ्या दुकानातही होतो. पहिली फेरी साधारण मे महिन्यात उघडते. तीत नाव लागले नाही तर पुढच्या फेऱ्या असतात, आणि शेवटी उरलेले परमिट ‘जो आधी येईल त्याला’ या तत्त्वावर जातात. अर्जासोबत क्रेडिट किंवा डेबिट कार्डाची माहिती द्यावी लागते आणि नाव लागले की पैसे आपोआप कापले जातात. म्हणून सोडतीच्या दिवसांत कार्ड चालू असेल आणि त्यावर पुरेशी मर्यादा शिल्लक असेल एवढे बघा. परमिट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही.

अर्जातला सगळ्यात विचार करण्याजोगा रकाना क्षेत्राचा आहे. ओकिचोबी, किसिमी, लेक जॉर्ज अशी तलावांची नावे ऐकून लोक पसंतीक्रम भरून टाकतात. माझे स्पष्ट मत आहे की पहिल्या वर्षी मोठ्या नावामागे जाऊ नये. जे पाणी दिवसाउजेडी दोनतीनदा बोटीने पालथे घालता येईल, जिथला धक्का, वेली, उथळ जागा डोळ्यांखालून घालता येतील, तेच क्षेत्र निवडावे. परमिटवर छापलेल्या सीमेबाहेर एक वाव जरी सरकलात तरी तो गुन्हा ठरतो, आणि दोराला लागलेले मोठे जनावर बोट कुठे ओढून नेईल याचा भरवसा नसतो.

हंगाम 15 ऑगस्ट ते 1 नोव्हेंबर. बऱ्याच क्षेत्रांत सुरुवातीचे चार आठवडे वेगवेगळ्या परमिटधारकांना वाटलेले असतात. आपला आठवडा रिकामा गेला तर नंतरच्या मोकळ्या काळात उरलेले टॅग वापरता येतात. पूर्वी शिकार फक्त संध्याकाळी 5 ते सकाळी 10 या वेळात करता येत असे, 2022 पासून चोवीस तास मुभा आहे. तरीही बहुतेक जण रात्रीच निघतात, कारण विजेरीच्या झोतात डोळे लाल चमकतात आणि जनावर दुरून दिसते.

सोबत्यांचे नियम नीट समजून घ्या. जो कुणी दोर धरेल, भाला मारेल, जनावर ओढायला हात लावेल, त्याच्याकडे 52 डॉलरचा सहायक परवाना हवा आणि परमिटधारक स्वतः तिथे हजर हवा. नुसते बोटीत बसून पाहणाऱ्याला काही लागत नाही. भारतातून आलेले आईवडील किंवा पाहुणे बरोबर असतील तर त्यांना पाहणारेच राहू द्या. ऐन धावपळीत ‘जरा हा दोर धर’ म्हणायचा मोह टाळा.

बंदूक का चालत नाही

नवख्याला सगळ्यात खटकणारा नियम हा: दुरून बंदुकीने गोळी घालायला मनाई आहे. आधी जनावर दोराने आपल्याशी जोडले गेले पाहिजे. त्यासाठी हार्पून, दोर बांधलेला बाण, फास, किंवा फेकून ओढायचा बिनआमिषाचा गळ चालतो. आमिष लावलेला गळ चालत नाही. आमिष लावायचे तर ते दोन इंचांहून आखूड लाकडी खुंटीवर, आणि तिचा दोर हातात धरलेला. त्यानंतरच बँगस्टिक वापरायची. बँगस्टिक म्हणजे लांब दांडीच्या टोकाला बसवलेले काडतूस, ते अंगावर टेकवताच उडते.

यामागचे कारण जनावराच्या शरीरात आहे. पाठीवर आणि मानेवर कातडीखाली हाडांच्या ढाली असतात. कवटी जाड हाडाची, आणि एवढ्या मोठ्या डोक्यात मेंदू जेमतेम चमच्यात मावेल इतका. दुरून मारलेली गोळी तिथे पोहोचत नाही. जखमी अ‍ॅलिगेटर बुडी मारतो, बराच वेळ वर येत नाही आणि कुठेतरी दलदलीत दिवसेंदिवस हाल होऊन मरतो. तसे होऊ नये म्हणून दोराची अट आहे. ती मला या कार्यक्रमातली सर्वांत न्याय्य अट वाटते.

दोर लागल्यावर घाई करू नये. मोठा अ‍ॅलिगेटर पहिल्या काही मिनिटांत भयंकर जोर लावतो: ओढतो, तळाशी चिकटून बसतो, स्वतःभोवती गिरक्या घेतो. पण त्याचा हा जोर प्राणवायूशिवाय चालणाऱ्या स्नायूंवर असतो. लॅक्टिक आम्ल साठत जाते आणि तो हळूहळू थकतो. त्याला थकू द्यावे, दोर हाताला गुंडाळू नये, आणि दुसरा दोर लागेपर्यंत बोटीच्या काठावर वाकू नये. चावण्याची ताकद मोजली गेली आहे: मोठ्या अ‍ॅलिगेटरच्या जबड्याचा दाब 2,100 पौंडांहून अधिक भरला. जबडा उघडणारे स्नायू मात्र इतके कमकुवत असतात की साध्या चिकटपट्टीने तो बंद राहतो.

बँगस्टिकचा नेम कवटीच्या मागच्या कडेला, बरोबर मध्यावर. एवढ्यावर काम संपले असे समजू नका. कवटीमागे मज्जारज्जू तोडून, मग धातूची सळई घालून मेंदू निकामी करावा. आयोगाचे मार्गदर्शनही हेच सांगते. निपचित पडलेले जनावर मेलेलेच असते असे नाही. जबड्याला पट्टी बांधल्याखेरीज ते बोटीत घेऊ नये. आणि जिवंत अ‍ॅलिगेटर ठेवून घेणे किंवा घरी नेणे पूर्णपणे बेकायदा आहे.

आकाराचा अंदाज पाण्यातच बांधता येतो. डोळ्यांपासून नाकपुड्यांपर्यंत जितके इंच, साधारण तितके फूट लांबी. परमिटवर 18 इंचांहून मोठे कोणतेही जनावर चालते, पण सगळ्यांची नजर बारा-तेरा फुटीवर असते. फ्लोरिडातला सर्वांत लांब नोंदलेला अ‍ॅलिगेटर 14 फूट साडेतीन इंचांचा, ब्रेव्हर्ड काउंटीतल्या लेक वॉशिंग्टनचा. सर्वांत वजनदार 1,043 पौंडांचा, म्हणजे सुमारे 473 किलोचा, ऑरेंज लेकचा. असे नर तिथवर यायला अनेक दशके घेतात. दोन माणसांची छोटी बोट घेऊन त्यांच्यामागे लागण्यापेक्षा सात-आठ फुटी जनावर स्वच्छपणे मारणे मला कितीतरी चांगले वाटते. मांसही त्याचे अधिक कोवळे असते.

दक्षिण फ्लोरिडात एक खबरदारी आणखी. तिथे अमेरिकन मगरही राहते आणि तिला पूर्ण संरक्षण आहे. तिचे तोंड निमुळते असते आणि तोंड मिटल्यावरही खालच्या जबड्याचा चौथा दात बाहेर दिसतो. शंका आली तर दोर टाकूच नका.

शिकारीनंतर

जनावर मेले की लगेच, शेपटीच्या टोकापासून सहा इंचांच्या आत टॅग कुलूपबंद करायचा. जनावर कापले जाईपर्यंत तो तसाच राहतो. 24 तासांच्या आत शिकारीचा अहवाल भरायचा. मांस घरी खायला हरकत नाही; विकायचे असेल तर परवानाधारक प्रक्रिया केंद्रातूनच जावे लागते.

घरामागच्या तळ्यात अ‍ॅलिगेटर आला म्हणून हा परवाना वापरता येत नाही. चार फुटांहून मोठा आणि धोकादायक वाटणारा अ‍ॅलिगेटर असेल तर आयोगाच्या उपद्रवी अ‍ॅलिगेटर सेवेला फोन करावा; ते नेमलेला माणूस पाठवतात. अ‍ॅलिगेटरला खाऊ घालणे हाही गुन्हाच.

कवटी किंवा कातडे भारतात न्यायचा विचार असेल तर तो वेगळा आणि अवघड मार्ग आहे. अ‍ॅलिगेटर साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने अमेरिकेच्या केंद्रीय वन्यजीव विभागाचा निर्यात परवाना लागतो, आणि भारतात वन्यप्राण्यांचे अवयव आणण्यावर कडक निर्बंध आहेत. सामानात गुपचूप टाकून नेऊ नये. आपल्याकडची सुसर-मगर, मग ती सांगलीजवळच्या कृष्णेतली असो, चिपळूणच्या वाशिष्ठीतली असो की गोव्यातल्या कुंभारजुवे कालव्यातली, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पहिल्या अनुसूचीत आहे. तिच्या शिकारीचा परवाना हौसेखातर कुणालाही मिळत नाही.