शेक देणे (नर्सिंग)

दुखऱ्या भागाला बाहेरून उष्णता देऊन आराम पाडणे म्हणजे शेक देणे. नर्सिंगमधलं हे अगदी बेसिक काम, आणि बेसिक समजूनच त्यात हयगय होते. उष्णतेने तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तपुरवठा वाढतो, आखडलेले स्नायू सैल पडतात. शेक कोरडा असतो (गरम पाण्याची पिशवी, हीटिंग पॅड) किंवा ओला, म्हणजे गरम पाण्यात पिळलेला कपडा वगैरे, आणि ओल्याची उष्णता आत लवकर जाते म्हणून चटकाही लवकर बसतो.

पिशवीसाठी पाणी शुद्धीवरच्या मोठ्या माणसाला साधारण ४६ ते ५२ अंश सेल्सिअस, आणि लहान मूल, अशक्त किंवा बेशुद्ध पेशंट असेल तर ४० ते ४६ च्या आत. हे थर्मामीटरनेच बघायचं, हाताला सवय झालेली असते. पिशवी दोन-तृतीयांशच भरायची, आडवी करून आतली हवा काढायची, बूच घट्ट लावून उलटी धरून गळते का बघायचं, बाहेरून कोरडी पुसून कव्हर घालायचं. पेशंटला पिशवीवर झोपू द्यायचं नाही, वरून ठेवायची, कारण अंगाखाली उष्णता कोंडते.

पाचेक मिनिटांनी कव्हर बाजूला करून कातडी बघायची. हलकी लाली चालते, पण लालभडक, पांढरट चट्टे किंवा फोड दिसला की शेक लगेच बंद आणि डॉक्टरांना कळवायचं. एका वेळी १५-२० मिनिटं पुरे. ‘अजून थोडा वेळ राहू दे सिस्टर’ असं पेशंट म्हणतोच, पण अर्ध्या-पाऊण तासानंतर रक्तवाहिन्या उलट आकसायला लागतात, मग फायदा राहत नाही आणि भाजायची भीती वाढते. कमी तापमानसुद्धा वेळ लांबला की भाजतं, मोरित्झ आणि हेन्रिकेस या संशोधकांनी १९४७ मध्ये दाखवलं की ४४ अंशालाही साधारण सहा तासांत त्वचा जळते.

खरी गोची पेशंट ‘पोळतंय’ म्हणू शकत नाही तिथे असते. मधुमेहामुळे पाय बधिर झालेला, लकव्याची बाजू, स्पायनल (पाठीच्या कण्यात दिलेली भूल) दिल्यानंतरचे पाय, गुंगीच्या औषधावरचा माणूस, यांना फोड येईपर्यंत पत्ता लागत नाही, म्हणून बधिर भागाला शेक टाळतातच. ताजा मुका मार (पहिले दोन दिवस), चालू रक्तस्राव, अपेंडिक्सची शंका असलेलं पोट इथेही शेक नको. फेंटानिलचा पॅच (कातडीतून अंगात जाणारं जोरदार वेदनाशामक) लावला असेल तर त्यावर तर अजिबात नको, उष्णतेने औषध भसकन अंगात जातं आणि श्वास मंदावू शकतो.