वोर वेगळे, ब्रायटन बीचच्या टोळ्या वेगळ्या

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या ब्रायटन बीचचा विषय निघाला की 'रशियन माफिया' हे शब्द हमखास येतात. त्यात सोव्हिएत तुरुंगांतले 'वोर' आणि स्थलांतरितांच्या वस्तीत जमलेल्या टोळ्या यांची सरमिसळ होते.

वोर म्हणजे रशियन भाषेत चोर, पण इथे ती गुन्हेगारी जगातली पदवी आहे. ती मिरवणाऱ्यांची जमात १९३०च्या दशकात स्टालिनच्या श्रमछावण्यांत घडली. नोकरी करायची नाही, संसार थाटायचा नाही, सरकारला मदत करायची नाही आणि कमाईतला वाटा सामाईक तिजोरीत टाकायचा, असे तिचे दंडक. जुने वोर एकत्र बसून नव्याला मान्यता देत. पुढे पुढे ही पदवी विकतही मिळू लागली.

ब्रायटन बीचचा मामला निराळा. १९७०च्या दशकात सोव्हिएत संघाने बऱ्याच ज्यूंना देश सोडू दिला आणि ओडेसासारख्या शहरांतली कुटुंबं इथे येऊन राहिली. बहुतेक जण टॅक्सी चालवणारे, दुकान टाकणारे. मरात बालागुलासारखे मूठभर लोक मात्र इंधनकरातून गब्बर झाले. घरं गरम ठेवायचं तेल आणि डिझेल जवळजवळ एकच, पण कर फक्त डिझेलवर. मग करमुक्त तेल कागदोपत्री कंपन्यांच्या साखळीतून फिरवायचं, मधल्या एकीने 'कर भरला' असं दाखवायचं आणि वसुलीची वेळ आली की ती कंपनीच नाहीशी करायची. इटालियन माफिया घराणी यात हिस्सा घेत. इथे दीक्षा नव्हती, दंडकही नव्हते. जमलं तोवर भागीदारी. म्हणूनच उपायही साधा निघाला: कर थेट तेलसाठ्याच्या डेपोवर घ्यायचा आणि करमुक्त डिझेलमध्ये लाल रंग मिसळायचा. १९९४ पासून हे सुरू झालं आणि या धंद्याला मोठा तडाखा बसला. वोरांची जमात अशा उपायाने हलली नसती.

गोंधळ वाढवला तो व्याचेस्लाव इवानकोव्हने. हा खरा वोर, १९९२ मध्ये अमेरिकेत आला आणि वृत्तपत्रांनी त्याला तिथल्या साऱ्या रशियन गुन्हेगारीचा सरदार करून टाकलं. पण तेलाचा घोटाळा त्याच्या दहाएक वर्षं आधीचा, आणि बालागुला तेव्हा गजाआड होता. १९९५ मध्ये इवानकोव्हला पकडलं ते खंडणीसाठी. ज्यांच्याकडून खंडणी मागितली तेही रशियन स्थलांतरितच. मला यातलं हेच सर्वांत लागतं: संशय साऱ्या वस्तीवर, आणि मार खाणारेही त्याच वस्तीतले.

कायदाही दोघांना एका मापाने मोजत नाही. पूर्वी सोव्हिएत संघात असलेल्या जॉर्जिया देशाने २००५ मध्ये वोर असणं हाच गुन्हा ठरवला. रशियाने २०१९ मध्ये गुन्हेगारी उतरंडीत सर्वोच्च स्थानी असणं हा गुन्हा ठरवला. अमेरिकेत पदवी पुरत नाही, कृत्य सिद्ध करावं लागतं. राझडेन शुलायाला २०१८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ४५ वर्षांची शिक्षा झाली. तो वोर होता आणि टोळीही चालवत होता. शिक्षा झाली ती टोळीच्या कृत्यांसाठी.