सगळ्यांना ठाऊक असलेला डाव : रॉजर ग्रेसीची पार्श्वभूमी

2009 च्या ब्राझिलियन जिउ-जित्सू (पकडी आणि गळा आवळण्याच्या डावांची झुंज) विश्व अजिंक्यपद स्पर्धेत रॉजर ग्रेसीने आपला वजनी गट आणि वजनाची अट नसलेला खुला गट मिळून 9 प्रतिस्पर्ध्यांना हार कबूल करायला लावली. नऊही वेळा डाव तोच : छातीवर बसायचं आणि समोरच्याच्याच गीच्या (जाड झग्याच्या) कॉलरने त्याचा गळा आवळायचा. हा डाव नवशिक्यांना अगदी सुरुवातीला शिकवतात. तो येणार हे जगातल्या अव्वल ब्लॅक बेल्टना पक्कं ठाऊक होतं, तरी कुणालाच चुकवता आला नाही.

ही विद्या ब्राझीलला जपानमधून आली. कोदोकान या ज्युदोच्या मूळ संस्थेत तयार झालेला ज्युदोपटू मित्सुयो माएदा देशोदेशी झुंजी खेळत 1914 मध्ये ब्राझीलला पोचला आणि पुढे तिथल्या बेलेम शहरात स्थिरावला. तिथे कार्लोस ग्रेसीने त्याच्या हाताखालचे धडे घेतले आणि ते घरातल्या भावंडांपर्यंत नेले. त्यांतला एलिओ अंगाने किरकोळ, त्यामुळे ताकदीपेक्षा तरफेवर आणि जमिनीवरच्या लढतीवर या घराण्याचा भर राहिला. आपल्या कुस्तीत पाठ लागली की निकाल लागतो. इथे पाठ टेकल्यावर खरी लढत सुरू होते. 1993 मध्ये एलिओचा मुलगा रॉयस डेन्व्हरला पहिली यूएफसी (वेगवेगळ्या युद्धकलांच्या खेळाडूंची झुंज) जिंकला आणि घराण्याचं नाव जगभर झालं.

रॉजरचा जन्म 1981 चा, रिओ दि जानेरोचा. ग्रेसी हे आडनाव त्याला आईकडून मिळालं. आई रैला ही कार्लोसची मुलगी. वडील मौरिसियो मोट्टा गोमेस हे कार्लोसचा मुलगा रोल्स ग्रेसी याच्या मोजक्या ब्लॅक बेल्ट शिष्यांपैकी एक. 2004 मध्ये बापलेकांनी लंडनमध्ये अकादमी काढली.

त्याच वर्षी विश्व स्पर्धेच्या खुल्या गटाच्या अंतिम लढतीत रॉजरची गाठ रोनाल्डो ‘जाकारे’ सौझाशी पडली. रॉजरने जाकारेचा हात पकडीत घेतला, तो मोडलाही, पण जाकारेने थोपटून हार मानली नाही. मोडका हात पट्ट्यात खोचून त्याने उरलेला वेळ काढला आणि गुणांवर जिंकला. जाकारेची हिंमत वादातीत आहे. पण रॉजरच्या कारकिर्दीकडे पाहताना मला ही हार त्याच्या कित्येक विजयांपेक्षा मोलाची वाटते, कारण गुणफलक काय निकाल देऊ शकतो हे त्याने त्या दिवशी अंगावर घेतलं. 2005 मध्ये एडीसीसी या विनागी (गी न घालता होणाऱ्या) स्पर्धेत त्याने आठच्या आठ लढती प्रतिस्पर्ध्याला शरण आणून जिंकल्या. खुल्या गटाच्या अंतिम लढतीत समोर पुन्हा जाकारे होता. या वेळी रॉजरने पाठीवर चढून त्याचा गळा धरला.

आता तो डाव. छातीवर बसल्यावर रॉजर घाई करत नाही. सहा फूट चार इंचांचा देह खालच्यावर सैल सोडतो आणि गुडघे इंच-इंच वर, काखेपर्यंत सरकवतो. मग एक हात कॉलरमध्ये खोल, चार बोटं आत, पार मानेच्या मागे. इथंच निम्मं काम झालेलं असतं. गळा वाचवायला खालच्याने हात वर आणले की कोपरं अंगापासून सुटतात आणि दंड पकडीत येतो. कुशीवर वळला तर पाठ मोकळी होते. काहीच केलं नाही तर दुसरा हात पहिल्याच्या वरून समोरच्या कॉलरवर जातो, रॉजर डोकं मॅटकडे झुकवतो, दोन्ही मनगटं मानेच्या रक्तवाहिन्या दाबतात आणि काही सेकंदांत थोपटावं लागतं. डाव साधाच आहे, पण त्याआधीची प्रत्येक वाट बंद केलेली असते.

अशा लढतींतून 10 विश्वविजेतेपदं जमली : वजनी गटात 7, खुल्या गटात 2007, 2009 आणि 2010 अशी 3. ठोसे-लाथाही चालणाऱ्या मिश्र मार्शल आर्ट्समध्ये त्याला इतका दबदबा निर्माण करता आला नाही. यूएफसीत एकच लढत, तीही हरला. 2016 मध्ये मात्र वन चॅम्पियनशिप या मिश्र मार्शल आर्ट्स संघटनेचा लाइट हेवीवेट किताब मिळवला.

शेवटची लढत जुलै 2017 मध्ये रिओला झाली. समोर मार्कस ‘बुशेशा’ आल्मेइदा, वयाने लहान, ऐन भरात, पुढे 13 विश्वविजेतेपदांपर्यंत गेलेला. 2012 ची त्यांची लढत बरोबरीत सुटली होती. पस्तिशीतल्या रॉजरने या वेळी पाठीवर चढून कॉलर ओढली, बुशेशाने थोपटलं, आणि रॉजरने तिथेच निवृत्ती जाहीर केली.