लंडन आपल्याकडे सरकत नाही

तलावपाळीच्या कट्ट्यावर एक समज मी वर्षानुवर्षं ऐकतोय: पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला निघालेल्या विमानाकडे लंडन आपणहून सरकत येतं. पुरावा म्हणून तिकीट पुढे येतं. मुंबईहून दुपारी २ ला निघायचं, संध्याकाळी साडेसहाला लंडन. साडेचार तास!

अहो, दोन्ही वेळा आपापल्या गावच्या आहेत. हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. ते मिळवा, प्रवास दहा तासांचा निघतो. अंतरही थोडंथोडकं नाही, सुमारे ७,२०० किलोमीटर.

मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटरने फिरते हे खरंच, पण हवाही तिच्यासोबतच फिरते. मुलुंड सोडून ठाण्याकडे सुसाट निघालेल्या फास्ट लोकलमध्ये पेन वर उडवून बघा. ते मागच्या बाकावर जात नाही, तुमच्याच हातात पडतं.

उलट पश्चिमेकडे जायलाच जास्त वेळ लागतो. साधारण १० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्यांचे झोत वाहतात, हिवाळ्यात विशेष जोरात. जाताना ते तोंडावर येतात, परतताना पाठीवर. म्हणून येतानाचा प्रवास बहुधा तासभर कमी भरतो, जरी तिकिटावर तो जास्त दिसला तरी.