गिअरबॉक्स उतरवण्याआधी

ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस प्रीमियर पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून कायमची गेली. पण कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाड्या काही घरांत अजूनही जिवापाड जपल्या जातात. त्यांच्या मालकांना गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास ऐकावं लागतं: ‘क्लच गेलाय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल.’ क्लच खरंच गेलेला असू शकतो. पण त्यातलं नेमकं काय गेलंय, हे बऱ्याचदा चालकाच्या सीटवर बसूनच ओळखता येतं. जिचे सुटे भाग शोधत फिरावं लागतं, अशा गाडीच्या बाबतीत तर ते आधी ओळखायलाच हवं.

इंजिनाबरोबर फ्लायव्हील हे जड चाक फिरतं आणि त्यावरच प्रेशर प्लेट बसवलेली असते. या दोघांच्या मधे असते क्लच प्लेट, ती गिअरबॉक्सच्या शाफ्टवर. स्प्रिंगांच्या दाबाने ती घट्ट धरली जाते आणि केवळ घर्षणाच्या जोरावर इंजिनाची ताकद चाकांकडे जाते. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग पुढे सरकतं, स्प्रिंगांचा दाब निघतो आणि क्लच प्लेट मोकळी होते. म्हणजे क्लचची कामं दोनच: पूर्ण धरणं आणि पूर्ण सोडणं. यातलं कोणतं काम बिघडलंय, हे आधी ठरवायचं.

धरत नसेल तर क्लच स्लिप होतो. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये मध्यम वेगाने जाताना अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज चढला पण गाडीने वेग घेतला नाही, तर प्लेट घसरतेय. चार माणसं बसवून पेडर रोडचा चढ चढलात तर हे आणखी स्पष्ट कळतं, कारण वरच्या गिअरमध्ये चढावर गाडी इंजिनाला जास्त विरोध करते.

पण घसरणारी प्लेट झिजलेलीच असेल असं नाही. तारेच्या किंवा दांड्यांच्या जुन्या जोडणीत पेडलचा सुरुवातीचा थोडा प्रवास मोकळा असावा लागतो. प्लेट झिजत जाते तसा हा फ्री प्ले कमी होतो. तो संपला की रिलीज बेअरिंग स्प्रिंगांवर सतत टेकून राहतं आणि प्लेटवर अस्तर शिल्लक असूनही क्लच घसरतो. अशा वेळी एक नट फिरवून फ्री प्ले परत आणला की काम होतं. मेकॅनिकने सगळ्यात आधी हे पाहावं, असं माझं ठाम मत आहे. इंजिनाच्या मागच्या सीलमधून ऑइल गळून प्लेटवर आलं असेल, तर मात्र नट फिरवून काही होत नाही.

घसरण्यातून उष्णता किती निर्माण होते पाहा. पद्मिनीचं वजन ९०० किलोच्या आसपास. माणसांसकट ११०० किलो धरलं तर शून्यापासून ताशी १० किलोमीटरपर्यंत जाताना तिला सुमारे ४००० ज्यूल गतिज ऊर्जा मिळते, आणि हाफ क्लचवर गाडी उचलताना जवळपास तेवढीच ऊर्जा प्लेटवर उष्णता बनून जाते. केम्प्स कॉर्नरच्या चढावर सिग्नल सुटेपर्यंत गाडी क्लचवर तोलून धरली, तर हिशेब येतो दोन किलोवॅटच्या आसपास, म्हणजे घरच्या गिझरएवढा. जळका वास येतो तो इथून. चढावर हँडब्रेक वापरावा.

आता दुसरा दोष, क्लच सुटत नाही. इंजिन आयडलिंगवर ठेवा, पेडल तळापर्यंत दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. रिव्हर्सला सहसा सिंक्रोमेश, म्हणजे गिअर पडताना फिरणाऱ्या भागांचा वेग जुळवणारी यंत्रणा, नसतो, त्यामुळे क्लचचा दोष झाकला जात नाही. इतकं थांबूनही खरखरला तर शाफ्ट अजून फिरतोय, क्लच सुटलेला नाही. रिव्हर्स शांतपणे पडतो पण चालत्या गाडीत फक्त दुसरा किंवा तिसरा खरखरतो, तर दोष बहुधा गिअरबॉक्सच्या सिंक्रोमेशमध्ये आहे. नवी क्लच प्लेट टाकून तो जाणार नाही.

ऑइलवर चालणारा क्लच असेल तर पेडल दोन-तीनदा पंप करून पाहा. त्याने गिअर नीट पडू लागला तर लाइनमध्ये हवा आहे किंवा सील थकले आहेत. दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलच्या दाबाने ऑइल पुढे ढकलणारा सिलिंडर, तपासा. या क्लचमध्ये असतं ते ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं आणि मुंबईच्या हवेत तो बारा महिने असतो, त्यामुळे सिलिंडर आतून गंजतो. त्यात चुकूनही इंजिन ऑइल घालू नये, रबरी सील फुगून निकामी होतात.

पावसाळाभर गाडी उभी राहिली असेल तर प्लेट गंजाने फ्लायव्हीलला चिकटूही शकते. मग पेडल व्यवस्थित लागतं, पण क्लच सुटतच नाही. इथे प्लेट बदलायची घाई नको, अनुभवी मेकॅनिक ती बहुतेकदा सोडवतो.

आवाजाचं निदान त्या मानाने सोपं. न्यूट्रलमध्ये पेडल दाबल्यावर आवाज सुरू झाला तर रिलीज बेअरिंगवर संशय घ्यावा. पेडल सोडल्यावर येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. गाडी थरथरत उचलत असेल तर आधी इंजिनाचे माउंटिंग बघावेत, ते बाहेरूनच दिसतात.

एवढं करूनही गिअरबॉक्स उतरवावाच लागला, तर प्लेटबरोबर रिलीज बेअरिंग आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं पुढचं टोक धरणारं पायलट बेअरिंगही बदलून घ्या, फ्लायव्हीलचा पृष्ठभाग तपासा आणि मागचं सील ओलं आहे का ते स्वतः बोट लावून पाहा.